खात नाही म्हणून आणखी टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयाच्या सजावटीवरचा मजकूर वाचला. समुद्री टाकीचे फोटो देखणे होते. क्लाउनफिशबद्दल मात्र एवढेच म्हटले होते की हा मासा काहीही खातो. रुळलेला, वर्षभराचा क्लाउनफिश खरोखरच काहीही खातो, अगदी काचेवर बोट टेकवले तरी खायला धावतो. पण दुकानातून नुकतेच आणलेले दोन-अडीच सेंटीमीटरचे पिल्लू पहिले दोन-तीन दिवस बहुधा तोंडही उघडत नाही. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे ही पिल्ले दगावतात तीही याच दिवसांत. म्हणून हे पत्र.

दुकानांत ज्याला सर्रास 'निमो' म्हणतात तो अँफिप्रायन ऑसेलॅरिस किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद पर्क्युला. आपल्याकडे येणारी पिल्ले दोन प्रकारची असतात. काही समुद्रातून धरलेली, काही पैदास केंद्रात वाढलेली. तामिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास केली आहे. आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती होते. विकत घ्यायचे तर पैदास केंद्रातलेच घ्यावे, कारण त्याला गोळीखाद्य माहीत असते. समुद्रातून आलेल्या पिल्लाने आयुष्यात फक्त हलणारे खाल्लेले असते. त्याच्या लेखी गोळी म्हणजे वाळूचा खडा.

न खाण्याचे पहिले कारण खाद्यात नसतेच, ते पिशवीत असते. मुंबई किंवा चेन्नईहून निघालेले पिल्लू आपल्यापर्यंत येईतो एक ते दीड दिवस बंद पिशवीत असते, आणि पाणी घाण होऊ नये म्हणून त्याआधी एक दिवस त्याला उपाशी ठेवलेले असते. पिशवीत त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच घसरतो. त्याच पाण्यात त्याने सोडलेला अमोनियाही असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि अमोनियमचा पुन्हा अमोनिया होऊ लागतो. आता विचार करा, पिशवी उघडून नळीने थेंब-थेंब टाकीचे पाणी सोडत दोन तास बसण्याची जी पद्धत सगळीकडे सांगितली जाते, ती लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशाला नेमके काय करते? त्याला त्याच्याच विषात बसवून ठेवते. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ती पद्धत चालते. पार्सलने आलेल्याला नाही.

त्याऐवजी असे करावे. पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळते. मग उघडून लगेच रिफ्रॅक्टोमीटरने पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा पाहावा. पुष्कळ विक्रेते मीठ वाचवण्यासाठी आणि परजीवी दबून राहावेत म्हणून पाणी १.०१८ ते १.०२० घनतेवर ठेवतात. आपण मोठ्या हौसेने १.०२५ ला ठेवलेले असते. एवढी उडी एका झटक्यात मारायला लावली तर पिल्लू तळाशी जाऊन बसते. विक्रेत्याला आदल्या दिवशीच फोन करून आकडा विचारावा आणि नव्या पिल्लासाठी ठेवलेल्या वेगळ्या टाकीचे पाणी त्या आकड्याला जुळवून ठेवावे. मग पिल्लू जाळीने नव्हे तर लहान भांड्याने उचलून टाकीत सोडावे. पिशवीतले पाणी टाकीत पडू देऊ नये. खारटपणा नंतर रोज ०.००१ ते ०.००२ या हिशेबाने वाढवत पाच-सहा दिवसांत १.०२५ वर आणता येतो.

वेगळी टाकी म्हणजे ४० लिटरची साधी काच. तळाला वाळू नको, उरलेले खाद्य वाळूत दिसत नाही. चालू समुद्री टाकीत किमान चार आठवडे ठेवून मुरवलेला (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढलेले) स्पंज फिल्टर, एक हीटर, थर्मामीटर, आणि लपायला दीड इंची पीव्हीसी पाइपचा एल्बो किंवा न रंगवलेली मातीची छोटी कुंडी. तीन बाजूंना बाहेरून काळा कागद. समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, खाण्यासाठी लागत नाही. दुकानदार जोडीने गळ्यात मारू पाहील, घेऊ नये. नव्या टाकीत ते स्वतःच जगत नाही आणि मेले की सगळे पाणी नासवते.

पहिल्या दिवशी टाकीचा दिवा लावू नये आणि खाद्यही टाकू नये. रात्री पिल्लू कोपऱ्यात तिरपे होऊन किंवा जवळजवळ आडवे होऊन तरंगताना दिसेल. घाबरून काठीने हलवू नये. क्लाउनफिश झोपतोच तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला घास द्यायचा तो जिवंत आर्टेमियाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाच्या पिल्लांचा. याला कारण आहे. पैदास केंद्रात अंड्यातून बाहेर आल्यावर ही पिल्ले आधी रोटिफर नावाच्या सूक्ष्म जिवांवर आणि मग आर्टेमियाच्या नुकत्याच उबलेल्या पिल्लांवर वाढतात. म्हणजे हे त्यांचे बाळपणीचे खाणे. समुद्रातून आलेल्यालाही ते ओळखीचे, कारण तिथे तो कोपेपॉडसारखे हलणारे बारीक जीवच टिपत असतो. शिवाय उबलेला आर्टेमिया अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो, तोंडात सहज मावतो आणि पाण्यात काही तास जिवंत राहतो, त्यामुळे न खाल्ला तरी लगेच सडत नाही.

तो घरी उबवणे दही लावण्याइतकेच सोपे आहे. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यावी, बूड कापून ती उलटी उभी करावी. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ (फक्त उबवण्यासाठी, टाकीत मात्र समुद्री टाकीसाठी मिळणारे मीठच, साधारण लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम), चिमूटभर खाण्याचा सोडा आणि अर्धा ते एक ग्रॅम आर्टेमियाची अंडी. एअर पंपाची नळी अगदी तळाच्या टोकापर्यंत न्यावी म्हणजे अंडी खाली बसून राहत नाहीत. जवळ दिवा ठेवावा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर २४ तासांत उबतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्याहून लवकर. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. टरफले वर तरंगतात, केशरी पिल्ले खाली उजेडाकडे जमतात, न उबलेली अंडी अगदी तळाला बसतात. मधला केशरी थर बारीक नळीने ओढून दाट विणीच्या कापडातून गाळावा आणि गोड्या पाण्याने धुवावा. टरफले आणि न उबलेली अंडी टाकीत जाऊ देऊ नयेत, पिल्लाच्या आतड्यात अडकतात. उबल्यापासून सहा-आठ तासांच्या आत खाऊ घालावे. नंतर त्यांच्या पोटातला बलक संपतो आणि ती नुसती हलणारी टरफले उरतात. अंड्यांचा डबा घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. पावसाळ्यात एकदा दमट झालेल्या डब्यातली निम्मीही अंडी उबत नाहीत.

द्यायचे कसे, यातच बहुतेकांचे चुकते. क्लाउनफिश समुद्रात समुद्रफुलाभोवतीचा हात-दीड हात सोडून दूर जात नाही. प्रवाहाबरोबर जे समोर येते ते टिपतो आणि परत येतो. वरून चिमूट टाकून ते साऱ्या टाकीत पसरले तर तो ते पाहतो, पण मागे जात नाही. आपण म्हणतो, खात नाही. म्हणून पंप दहा मिनिटे बंद करावा, एअरस्टोनचे बुडबुडे मंद करावेत, लांब ड्रॉपर किंवा कडक नळी लावलेली सुई नसलेली सिरिंज घ्यावी आणि पिल्लापासून चार-पाच बोटे अंतरावर एक-दोन मिलिलीटर आर्टेमिया हलकेच सोडावा. थेट तोंडावर मारला तर ते पळते. दोन-तीन मिनिटे पाहावे. टिपले तर आणखी थोडे, नाही टिपले तर तिथेच थांबावे. दिवसातून चार वेळा असे थोडे-थोडे. दर वेळी वीस मिनिटांनी तळाशी पडलेले नळीने ओढून काढावे. आणि पंप पुन्हा चालू करावा. हे लिहायचे कारण, विसरले जाते.

दोन पिल्ले एकत्र असतील तर एकाची चढाओढ पाहून दुसरेही खायला शिकते, हा फायदा. पण क्लाउनफिशमध्ये मोठेपणाची उतरंड फार कडक असते. सगळी पिल्ले नर म्हणून जन्मतात आणि जे जोरदार ठरते ते पुढे मादी होते, त्यामुळे वरचढ कोण याचा निकाल लहानपणीच लागू लागतो. दबलेले पिल्लू अंग थरथरवते, कोपरा धरते आणि खाद्य समोर असूनही पुढे येत नाही. तेव्हा ड्रॉपर दोन टोकांना वापरावा: आधी दांडगट पिल्लाला एका बाजूला गुंतवावे, मग दुसऱ्याला. पर फाटू लागले तर मध्ये छिद्रांची जाळी उभी करावी.

आर्टेमियावर कायम ठेवायचे नाही. त्याने पोट भरते, अंग भरत नाही. तीन-चार दिवस नीट खाल्ल्यावर बारीक चिरलेले गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) किंवा कोपेपॉड सुरू करावेत. दोन पिल्लांना गोठवलेल्या वडीचा आठवा भागही पुष्कळ होतो. तेवढा सुरीने कापून वाटीभर टाकीच्या पाण्यात विरघळवावा, गाळावा, लाल पाणी फेकून द्यावे. इथे खानदेशातली एक खास अडचण सांगायला हवी. ही वडी आपल्यापर्यंत येता-येता एकदा तरी वितळून पुन्हा गोठलेली असण्याची शक्यता मोठी: उन्हातला प्रवास, दुकानातले लोडशेडिंग. ओळख सोपी आहे. वडीच्या कडा बसलेल्या, एका कोपऱ्यात नुसत्या बर्फाचा थर, रंग लालसरऐवजी तपकिरी, आणि वास. अशी वडी पिल्लू तोंडात घेऊन थुंकते, आणि ते बरोबरच करते.

गोळीखाद्य ०.५ मिलिमीटरचे घ्यावे. एक मिलिमीटरची गोळी रुळलेल्या माशाची. पाच मिनिटे मायसिसच्या पाण्यात भिजवून मऊ करावी, म्हणजे तिला ओळखीचा वास लागतो आणि ती तरंगत न राहता सावकाश खाली उतरते. सुरुवातीला एक भाग गोळी आणि चार भाग गोठवलेले, मग दर दोन-तीन दिवसांनी प्रमाण फिरवत दहा ते चौदा दिवसांत गोळी मुख्य करावी. पिल्लू घेते आणि थुंकते, पुन्हा घेते, पुन्हा थुंकते, तर गोळी मोठी आहे किंवा कडक आहे, चिमटीत चुरावी. घेण्याआधीच तोंड फिरवत असेल तर गोळी खवट झालेली असते. या खाद्यात माशाचे तेल असते आणि ४२-४४ अंशांच्या उन्हाळ्यात उघडा डबा काही आठवड्यांत खवट होतो. पुडीत बांधून मिळणारे सुटे खाद्य किती दिवस बरणीत होते हे कोणीच सांगत नाही. लहान सीलबंद डबा घ्यावा, फ्रिजमध्ये ठेवावा.

लसणाचा रस लावला की मासा खातो, असे अनेकजण सांगतात. वासाने एखादे पिल्लू पुढे येते, इतपत खरे. त्याने रोग बरा होतो हे मात्र मानू नये. ट्यूबिफेक्सचे लाल किडे आणि डासांच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या माशांसाठी मिळतात. खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतात आणि तळाशी सडतात, शिवाय ट्यूबिफेक्स गटारातून काढलेले असू शकतात. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्याचे दूध करतो. कणकेच्या गोळ्या देवळाच्या तळ्यातल्या माशांना ठीक. रोहू-कटल्याचे मांस मिळते, पण समुद्री माशाला लागणारी चरबी त्यात पुरेशी नसते. घरचेच काही द्यायचे असेल तर समुद्री कोळंबीची सोललेली, धुतलेली, खसखशीएवढी चिरलेली कच्ची चिमूट चालते.

हे सगळे करूनही पिल्लू खात नसेल तर खाद्य वाढवण्याआधी पाणी मोजावे. नेमके उलटे घडते: खात नाही म्हणून माणूस आणखी टाकतो, ते सडून अमोनिया चढतो, अमोनियाने कल्ले जळजळतात, भूक आणखी मरते. चाचणीत अमोनिया ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) दिसला तरी त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलावे, तापमान आणि खारटपणा जुळवून. बोअरचे पाणी वापरू नये. घरच्या आरओला खनिजे परत मिसळणारा नियंत्रक असतो आणि त्याचे पाणी शंभर टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या मापाच्या) आसपास येऊ शकते. नियंत्रकाच्या आधीच्या नळीतून पाणी घेऊन डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून, काढावे. टीडीएस शून्याजवळ हवा.

आणि तापमान. २४ ते २७ अंशांत पिल्लू खाते, ३० च्या पुढे धापा टाकते. खारे पाणी २६ अंशाला लिटरमागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३२ ला सहाच्या आसपास. फरक थोडा वाटतो, पण उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज त्याच वेळी वाढलेली असते आणि तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. आपल्या कोरड्या मे महिन्यात पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा देणारा छोटा पंखा टाकी दोन ते चार अंशांनी उतरवतो. कोरडी हवा ही इथली सोयच आहे. त्याच बंद खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण निम्मा होतो, खिडकी उघडी हवी. पाणी उडते, मीठ उरते: १०० लिटरमधले चार लिटर उडाले की खारटपणा हजार भागांत ३५ वरून जवळजवळ साडेछत्तीसवर जातो. भरपाई गोड्या शुद्ध पाण्याने, रोज. बर्फाची बाटली सोडायची तर पाव लिटरची. ४० लिटरच्या टाकीत एक लिटर बर्फ पूर्ण वितळला तर पाणी तीन अंशांच्या आसपास घसरते, आणि तो धक्का उष्णतेइतकाच वाईट. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. स्पंज फिल्टर त्यावरही चालतो.

पाणी चांगले, पिल्लू एकटे, आर्टेमिया समोर, तरीही तिसऱ्या दिवशी खात नाही, तर रोग पाहावा. अंगावर साबणाचा फेस वाळल्यासारखा पांढुरका चिकट थर आणि जोरात चालणारे कल्ले म्हणजे ब्रुकलिनेला. क्लाउनफिशला तो इतका होतो की त्यालाच 'क्लाउनफिशचा रोग' म्हणतात, आणि दोन-तीन दिवसांत तो मारतो. दुकानात यावर हमखास तांब्याचे औषध हातात देतात. ते मखमली रोगावर आणि पांढऱ्या ठिपक्यांवर लागू पडते, ब्रुकलिनेलावर नाही. त्याला फॉर्मेलिन लागते, तेही मोजून, जाणत्याच्या देखरेखीत, भरपूर हवा सोडून. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली म्हणून लगेच आतड्याचे औषध देऊ नये. रिकाम्या पोटाचीही तशीच असते. खाणे सुरू होऊनही ती आठवडाभर तशीच राहिली आणि पाठ चाकूसारखी पातळ होत गेली, तर मात्र परजीवी समजावेत.

संपादक महोदय, पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरूर छापा. पैसे देण्याआधी दुकानदाराला आपल्यासमोर पिल्लाला खाऊ घालायला सांगावे. आणि विक्रेत्यांनी पिशवीवर मार्कर पेनाने तीन गोष्टी लिहाव्यात: पाण्याची घनता, मासा पैदास केंद्रातला की समुद्रातला, आणि शेवटचे तो काय व कधी खात होता. पिशवीवर भाव लिहायला जागा असते, तिथेच एवढे मावते.

आपले,
समुद्री मत्स्यालय पाळणारे काही वाचक,
जळगाव–भुसावळ